‘कोणावर गेलीय ही?’ वेगळ्या वर्णाचं मूल दत्तक घेतलेल्या घरासाठी

“कोणावर गेलीय ही?” बाळ मांडीवर घेतलं की कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसतं. नाक आईचं, कपाळ आजोबांचं, हट्टीपणा आत्याचा, अशी वाटणी करायची आपल्याला सवयच असते. माझी मुलगी दहा महिन्यांची असताना घरी आली. आम्ही दोघं गोरे, केस सरळ. तिचा वंश वेगळा; रंग गडद, केस इतके घट्ट कुरळे की ओढून सोडले तर परत जागेवर जाऊन बसतात. मी या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर द्यायचे, “आमच्या मायेवर गेलीय.” ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं, मलाही बरं वाटायचं. ती आठ वर्षांची असताना एकदा झोपताना तिनं विचारलं, “आई, पण मी खरंच कोणावर गेलेय?” तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं मी पाहुण्यांना उत्तर देत होते. जिचा प्रश्न होता तिला काहीच सांगितलं नव्हतं.

आज ती एकोणीस वर्षांची आहे. हे सगळं मी तिला आधी वाचून दाखवलंय आणि दोन गोष्टी तिच्या सांगण्यावरून गाळल्यात.

मला सांगायचंय ते एवढंच, की मूल आपल्यापेक्षा वेगळं दिसतं ही गोष्ट घरात पहिल्यांदा आपण बोलायची. त्यानं विचारेपर्यंत थांबायचं नाही. खाली लिहिलेलं बाकी सगळं याच एका गोष्टीचं काम आहे.

‘आम्हाला रंग दिसतच नाही’ हे म्हणणं सोडा

हे वाक्य आपण चांगल्या मनानं बोलतो. पण मुलाला रंग दिसतो. नवजात बाळ सगळ्या वंशांचे चेहरे सारख्याच उत्सुकतेनं बघतं, आणि तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याची नजर रोजच्या माणसांसारख्या चेहऱ्यांवर जास्त रेंगाळायला लागते, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. तीन-चार वर्षांची मुलं रंगावरून माणसांचे गट पाडू शकतात. आणि कुठला रंग बाहेर ‘चांगला’ मानतात हेही त्यांना लवकर कळतं. १९४०च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाचा फरक असलेल्या बाहुल्या ठेवल्या. ‘छान’ बाहुली कुठली, असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवलं. ही मुलं स्वतःच्याच रंगाच्या आईबापांच्या घरात वाढत होती. आपल्या मुलाला तर तेही नाही.

म्हणून आपण गप्प बसलो की मुलाला वाटतं, हे काहीतरी वाईट आहे, म्हणूनच आई याच्याबद्दल बोलत नाही.

आणखी एक अभ्यास आहे, तो वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. कोरियात जन्मलेली, तीन ते नऊ वर्षांच्या वयात युरोपियन कुटुंबांत दत्तक जाऊन फ्रान्समध्ये वाढलेली मुलं मोठी झाल्यावर त्यांची चेहरे ओळखण्याची चाचणी घेतली. सहसा माणसाला आपल्या वंशाचे चेहरे जास्त चटकन लक्षात राहतात. यांना युरोपियन चेहरे जास्त चांगले लक्षात राहत होते, फ्रेंच लोकांसारखेच. म्हणजे मुलाची नजर आपल्या घरात घडते, आपल्यासारखी होते. आणि मग एक दिवस आरशात तिला जो चेहरा दिसतो तो तिच्या रोजच्या चेहऱ्यांत बसत नाही. माझी मुलगी बारा वर्षांची असताना म्हणाली होती, “दुकानाच्या काचेत दिसले ना, की मला एक सेकंद वाटतं ही कोण?” तिला काय होतंय हे मला तेव्हा समजलं नव्हतं. आता समजतं.

बोलायचं कसं

आंघोळ घालताना सुरुवात करा. ती सगळ्यात सोपी वेळ आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलीला मी सांगायचे, “हा माझा हात, फिकट. हा तुझा हात, गडद तपकिरी. हा तळवा बघ, तो फिकट गुलाबी.” एवढंच. कौतुकाची फार झूल घालायची नाही. प्रत्येक वेळी ‘किती सुंदर, किती सुंदर’ म्हणत राहिलं की मुलाला कळतं की कशाची तरी भरपाई चाललीय.

पाच-सहा वर्षांचं झालं की कारण सांगा. त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, कुणाच्यात जास्त, कुणाच्यात कमी. ते किती असणार हे जन्म देणाऱ्या आईवडिलांकडून येतं. इथेच जन्मदात्या आईचा उल्लेख सहज येतो आणि यायलाच हवा. ‘कोणावर गेलेय?’चं खरं उत्तरही इथेच आहे. मी शेवटी तिला जे सांगितलं ते असं, “तुझा रंग आणि तुझे केस तुझ्या जन्मदात्या आईवर नाहीतर वडिलांवर गेलेत. आपल्याकडे त्यांचा फोटो नाही, म्हणून कुठलं कोणाचं ते मला सांगता येत नाही. तुला बघून मला कधीकधी त्या कशा दिसत असतील असं वाटतं.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, आरसा घेऊन आली आणि स्वतःचं नाक बघत बसली. मी शेजारी बसून राहिले. अशा वेळी काही बोलायची घाई करू नका.

नंतर तिला हेही सांगितलं की ती हसताना तोंडावर हात धरते तो तिच्या बाबांसारखा, आणि फोनवर बोलताना येरझाऱ्या घालते त्या माझ्यासारख्या. हेही खरंच आहे. फक्त पहिलं झाकायला दुसरं वापरू नका.

रंगपेटीकडे लक्ष द्या. तिच्या वर्गात फिकट गुलाबीसर खडूला सगळे ‘स्किन कलर’ म्हणायचे. पहिलीतल्या चित्रात तिनं आम्हा तिघांनाही तोच रंग दिला होता. मी शिक्षिकेवर रागावले नाही, पण जाऊन बोलले. क्रेयोला कंपनीनं आपल्या ‘फ्लेश’ खडूचं नाव १९६२ सालीच बदलून ‘पीच’ केलं होतं. २०२० मध्ये त्यांनी त्वचेच्या २४ छटांची वेगळी पेटीही काढली. अशी पेटी मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर तपकिरी, पिवळा, लाल, पांढरा मिसळून घरातल्या प्रत्येकाचा रंग तयार करा. आम्ही एका दुपारी हे केलं. तिच्या बाबांचा रंग जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तिला त्याचं फार अप्रूप वाटलं.

‘पण’ हा शब्द

आपल्या भाषेत एक वाक्य फार सहज येतं. “सावळी आहे, पण गोड आहे.” “काळी आहे, पण नाकीडोळी नीटस.” यातला ‘पण’ मुलाला बरोबर ऐकू येतो. नातेवाइकांच्या तोंडून तो आला की त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, शांतपणे वाक्य दुरुस्त करा. “सावळी आहे आणि गोड आहे.” माझ्या सासूबाईंना मी हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्या रागावून उठून गेल्या. चौथ्यांदा त्यांनीच एका पाहुणीचं वाक्य दुरुस्त केलं.

‘उजळ’, ‘निमगोरी’, ‘रंग खुलेल हळूहळू’ हेही बंद. मूल खुलायची वाट बघत नसतं. ‘खरी आई’, ‘सख्खी’ हे शब्दही जपून वापरा. जन्म देणारी ती जन्मदाती आई, वाढवणारी ती आई, दोघीही खऱ्या. ‘टाकून दिलेलं मूल’ हा शब्दप्रयोग तर घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. ‘तिला तुला सांभाळता येणार नव्हतं’ एवढं सांगणं पुरेसं असतं आणि बहुतेक वेळा आपल्याला तेवढंच ठाऊक असतं.

घरात पोटचं मूलही असेल तर त्यालाही हेच सगळं शिकवा. बाहेर प्रश्न आधी त्यालाच विचारले जातात.

केस

याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. पहिली दोन वर्षं मी तिच्या केसांना माझ्या केसांसारखं वागवलं. रोज शाम्पू, मग कोरड्या केसांतून बारीक दातांचा कंगवा. ती कंगवा बघितला की टेबलाखाली जाऊन बसायची. केस तुटायचे, टाळू कोरडी पडायची आणि मी ‘हट्टी केस’ म्हणायचे. केस हट्टी नव्हते, मला ते येत नव्हतं.

शेवटी तिच्या पोहण्याच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं मला थांबवलं. तिचे स्वतःचे केस तसेच होते. म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर एकदा दाखवू का?” पुढच्या रविवारी ती घरी आली, न्हाणीघराच्या फरशीवर मांडी घालून बसली, माझ्या मुलीला पुढ्यात घेतलं आणि दोन तास मला शिकवलं. ते असं.

टाळूला सुटणारं नैसर्गिक तेल सरळ केसांवरून टोकापर्यंत उतरतं. घट्ट कुरळ्या केसांच्या प्रत्येक वळणावर ते अडतं, म्हणून असे केस मुळातच कोरडे असतात. रोज धुवायचे नाहीत. आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी. विंचरायचे ते ओले असताना, भरपूर कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्यानं किंवा नुसत्या बोटांनी. आधी केसांचे चार ते सहा भाग करून चिमटे लावायचे. एक भाग हातात घ्यायचा, मुळाजवळ मुठीत घट्ट धरायचा म्हणजे टाळूला ओढ बसत नाही, आणि गुंता टोकाकडून सोडवत वर मुळाकडे यायचं. वरून खाली ओढलं तर सगळे गुंते एकत्र होऊन एकच गाठ होते. धुऊन झाल्यावर टॉवेलनं चोळायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. ओलसर असतानाच क्रीम लावायचं, त्यावर थोडं तेल, म्हणजे ओल आत राहते. रात्री उशीला सॅटिनचा अभ्रा. सुती अभ्रा ओल शोषतो आणि घासून केस तोडतो. वेण्या घातल्या तर कपाळाच्या कडेला ताण देऊ नका. वेणी घातल्यावर मूल भुवया उचलताना कळवळत असेल तर ती फार घट्ट आहे. तिथले केस वर्षानुवर्षं ओढले गेले तर कायमचे जातात.

आणि परक्या माणसांना केसांना हात लावू देऊ नका. लोक रस्त्यात न विचारता हात घालतात, अगदी प्रेमानं. मी मध्ये हात धरायचे आणि म्हणायचे, “तिला विचारा आधी.” चार वर्षांची झाल्यावर ती स्वतःच ‘नको’ म्हणायला लागली.

डॉक्टरांकडे

इथे काही गोष्टी लक्षात असू द्या. गडद त्वचेवर पुरळ किंवा सूज लाल दिसेलच असं नाही. जांभळट, करडी किंवा फक्त आजूबाजूपेक्षा गडद दिसते. अंग पिवळं पडलंय का, हे डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि हिरड्यांवर बघा. काही बाळांना कमरेखाली निळसर राखाडी जन्मखुणा असतात, त्या मुक्या मारासारख्या दिसतात. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांकडून त्याची लेखी नोंद करून घ्या, म्हणजे पुढे पाळणाघरात किंवा शाळेत कुणाचा गैरसमज होणार नाही. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र गडद त्वचेवर कधीकधी खरा असतो त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये कमी झालेला ऑक्सिजन गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा यंत्राच्या नजरेतून सुटला होता. मूल धापा टाकत असेल तर आकड्यावर विसंबू नका. आणि ऊन गडद त्वचेलाही भाजतं. सनस्क्रीन तिलाही लावायचं.

‘कुटुंबात कुणाला काय आजार?’ या रकान्यात आपला मधुमेह आणि आपला रक्तदाब लिहू नका. ‘दत्तक, माहिती नाही’ असं स्पष्ट लिहा. मी एकदा सवयीनं माझ्या वडिलांचा हृदयविकार लिहून बसले होते.

तिच्यासारखी दिसणारी माणसं

बाहुल्या आणि चित्रांची पुस्तकं आणा, जरूर आणा. पण ती पुरत नाहीत. मुलाला जिवंत माणसं लागतात, आणि ती फक्त मदतीला किंवा कामाला येणारी नकोत. तिच्या वंशाचा दंतवैद्य, पोहायला शिकवणारी ताई, शेजारी, आपल्या घरी जेवायला बसणारी मैत्रीण. यासाठी आपल्याला हलावं लागतं, शाळा बदलावी लागते, कधी घरही. स्वतःला एक प्रश्न विचारा, गेल्या महिन्यात आपल्या घरात अशी किती माणसं येऊन बसली? उत्तर शून्य असेल तर खोलीत फक्त आपलं मूल वेगळं असण्याचा भार उचलतंय.

केस शिकवणारी ती बाई पुढे माझ्या मुलीची मावशी झाली. आठव्या वर्षापासून काही गोष्टी मुलगी मला न सांगता मावशीला सांगायची. मला सुरुवातीला टोचलं. ते टोचणं आपण आपल्यापाशी ठेवायचं, मुलाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

वेगळ्या वंशाच्या घरात मूल द्यावं की नाही यावर जुना वाद आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९७२ मध्ये याला ठाम विरोध केला. १९९४च्या आणि पुढे १९९६च्या कायद्यानं तिथे केवळ वंशाच्या कारणावरून दत्तक नाकारायला किंवा लांबवायला बंदी घातली. मी त्या विरोधकांचं म्हणणं वाचलं तेव्हा आधी चिडले. मग वाटलं, वंशद्वेषाला तोंड कसं द्यायचं हे ज्यांना स्वतःला कधी तोंड द्यावं लागलं नाही ते कसं शिकवणार, ही त्यांची काळजी अगदी रास्त आहे. मला ते येत नव्हतं. म्हणूनच येणाऱ्या माणसांची गरज होती.

ती एकटी बाहेर जायला लागते तेव्हा

आपण सोबत असतो तोवर आपल्या रंगाची सावली मुलावर असते. बारा-तेराव्या वर्षी ते एकटं फिरायला लागतं आणि तेच दुकानदार वेगळे वागतात. माझ्या मुलीच्या मागेमागे एका दुकानात माणूस फिरला. घरी येऊन तिनं सांगितलं आणि मी म्हणाले, “तुझा गैरसमज झाला असेल गं.” पुढचे पाच महिने तिनं मला काही सांगितलं नाही. हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. आधी विश्वास ठेवा. मग तीनच प्रश्न. काय झालं? तुला तेव्हा कसं वाटलं? मी काही करावं असं तुला वाटतं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नको’ असेल तर तेही ऐका. पण शाळेतल्या मोठ्या माणसानं काही केलं असेल तर तिला सांगून, तिच्या संमतीनं, लेखी तक्रार द्या.

उत्तरं आधीच घरी तयार करा, नाटकासारखी. ‘तुझी खरी आई कुठंय?’ यावर तिच्यापुढे चार वाटा असतात. निघून जायचं, ‘ते माझं खासगी आहे’ म्हणायचं, थोडं सांगायचं, किंवा नीट समजावून सांगायचं. कुठली वाट केव्हा घ्यायची हे तिनं ठरवायचं. आम्ही स्वयंपाकघरात याची तालीम करायचो. बाबा नेहमी चौकस काकू व्हायचे.

तिची गोष्ट तिचीच

मूल आल्याच्या आनंदात मी आमच्या ओळखीच्या सगळ्यांना सगळं सांगितलं होतं. तिची जन्मदाती आई किती वर्षांची होती, का ठेवून गेली, सगळं. नऊ वर्षांची असताना एका मैत्रिणीनं तिला त्यातली एक गोष्ट ऐकवली, जी मी तिला अजून सांगितली नव्हती. ती रडली नाही. फक्त म्हणाली, “सगळ्यांना माहीत होतं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. विचारणाऱ्याला सांगायचं, “ते तिचं आहे, मोठी झाली की वाटलं तर ती सांगेल.” आजीआजोबांनाही एवढंच.

कागद

मुलाच्या ओळखीचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात आहे, आठव्या कलमात. आंतरदेशीय दत्तकाच्या १९९३च्या हेग कराराचं तिसावं कलम सांगतं की मुलाच्या मूळाची माहिती, विशेषतः जन्मदात्यांची ओळख आणि वैद्यकीय इतिहास, जपून ठेवायला हवा. तरीही सगळं संस्थेच्या कपाटावर सोडू नका. मिळेल तो प्रत्येक कागद, पहिला फोटो, अंगावर आलेलं झबलं, संस्थेतल्या बाईंनी लिहिलेली चिठ्ठी, सगळ्याची प्रत करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

पण कागदात लिहिलंय ते शंभर टक्के खरं असं धरून मुलाला गोष्ट सांगू नका. दक्षिण कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगानं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की परदेशी दत्तक पाठवलेल्या मुलांच्या नोंदींत खोटेपणा झाला होता. आईवडील असलेल्या मुलांनाही अनाथ दाखवलं गेलं होतं. म्हणून ‘कागदात असं लिहिलंय’ अशीच सुरुवात करा. डीएनए चाचणीचा निर्णय मोठं झाल्यावर तिचा तिनं घ्यायचा. त्यातल्या वंशाच्या टक्केवाऱ्या त्या कंपनीकडे असलेल्या नमुन्यांवरून बांधलेला अंदाज असतात, हे आधी सांगून ठेवा.

अठराव्या वाढदिवशी मी तिला ती फाइल दिली. आधी विचारलं होतं, हवीय का, म्हणाली, हवी. त्यातलं एक बंद पाकीट आहे, संस्थेतून आलेलं. ते तिनं अजून उघडलेलं नाही. तिच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे, आणि उघडायची वेळ आली तर मावशी सोबत हवी असं तिनं मला सांगून ठेवलंय.